आठांत उजवा कोणता?

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



वर्धापनदिनाच्या व्याख्यानाला आपण दरवर्षी काहीतरी भारदस्त विषय निवडतो. यंदा कार्यकारिणीने माझ्याकडे हॅरी पॉटरचे चित्रपट सोपविले, तेव्हा काहीजणींच्या भुवया वर गेलेल्या मी पाहिल्या आहेत. जादूच्या कांड्या, उडते झाडू, भिंतीवरची बोलणारी चित्रे; हे काय प्रौढ बायकांनी सतरंजीवर बसून ऐकावयाचे? पण ज्यांच्या घरी तिशीच्या आगेमागे मुलगा, लेक किंवा सूनबाई आहे त्यांना विचारून पहा. या आठ चित्रपटांत उजवा कोणता, एवढ्या एका प्रश्नावरून वाढलेली ताटे निवून जातात, आणि एरवी एकमेकींना 'अहो जाहो' करणाऱ्या नणंदा-भावजया एकेरीवर येतात. ज्या गोष्टीवरून माणसे इतकी तावातावाने भांडतात, तिच्यात काहीतरी असले पाहिजे.

ज्यांना ही कथा ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. जे. के. रोलिंग या इंग्रज लेखिकेने १९९७ ते २००७ या दहा वर्षांत सात कादंबऱ्या प्रसिद्ध केल्या. त्या मराठीतही आल्या आहेत; पहिलीचे मराठी नाव 'हॅरी पॉटर आणि परीस' असे मोठे गोड ठेविले आहे. आईबापांवेगळा एक मुलगा मावशीच्या घरी जिन्याखालच्या कपाटात वाढतो. अकराव्या वर्षी त्याला समजते की आपण जादूगार आहोत, आपले आईबाप अपघातात गेले नसून व्होल्डेमॉर्ट नावाच्या दुष्टाने त्यांना मारले आहे. मग हॉगवर्ट्स नावाच्या निवासी शाळेत त्याचे शिक्षण सुरू होते. प्रत्येक पुस्तकात एक वर्ष सरते. शेवटच्या पुस्तकाचे दोन भाग केल्यामुळे चित्रपट आठ झाले. पहिला २००१ सालचा, शेवटचा २०११ चा. मुख्य तीन मुले तीच राहिली. चित्रणास आरंभ झाला तेव्हा हॅरीचे काम करणारा डॅनियल रॅडक्लिफ अकरा वर्षांचा होता, आणि ते आटोपेपर्यंत तो विशीला आला. पडद्यावर मूल खरोखरीच वाढताना दिसते. असे चित्रपटांत फारसे घडत नाही.

आता भांडणाकडे वळू. मी पुष्कळ बाजू ऐकल्या, आणि माझ्या ध्यानात आले ते असे, की भांडणारे निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे देत असतात. ज्याने पुस्तक आधी वाचले तो हातात यादी घेऊन बसलेला असतो. काय वगळले, काय बदलले, कोण दिसलाच नाही. ज्याने वाचले नाही तो फक्त पडद्याकडे पाहतो. रुखवतातले जिन्नस मोजणारी आणि नुसती पंगतीला बसलेली, या दोघींचे लग्नाविषयीचे मत एक कसे व्हावे?

पहिल्या दोन चित्रपटांच्या बाजूला यादीवाले पुष्कळ आहेत. ख्रिस कोलंबस या दिग्दर्शकाने पुस्तकाचे बोट क्वचितच सोडले. भोजनगृहात अधांतरी तरंगणाऱ्या मेणबत्त्या, जॉन विल्यम्स यांचे संगीत, सारे पहिल्यांदाच पाहिलेले. ज्यांनी ते आठ-दहा वर्षांच्या वयात पाहिले, त्यांना दुसरे काही उजवे वाटणारच नाही, आणि त्यांच्याशी वाद घालू नये. पण मोठेपणी पाहता दुसरा फार लांबतो. अडीच तासांहून अधिक आहे तो.

चौथ्याविषयी बोलताना आपण मराठी बायकांनी जरा सावरून बसावे, कारण त्यात आपल्या पाटलांच्या मुली आहेत! पार्वती आणि पद्मा पाटील, जुळ्या बहिणी. गाव कोल्हापूरकडचे की जळगावकडचे, हे लेखिकेने सांगितलेले नाही. २००५ च्या या चित्रपटात नाताळच्या नृत्यसमारंभाला हॅरी आणि त्याचा मित्र रॉन या दोघींना घेऊन जातात, आणि मग त्यांच्याकडे ढुंकून पाहत नाहीत; दोघी बिचाऱ्या तोंड पाडून बसतात. त्यांना जे गुलाबी-नारिंगी घागरे नेसविले आहेत त्यांवर भारतीय प्रेक्षक अजून बोटे मोडतात, आणि मीही मोडते. इतका खर्च केला, तर त्यात एखादा बरा शिंपी सापडू नये? भूमिका केल्या त्या शेफाली चौधरी आणि अफशान आझाद या दोघी बांगलादेशी वंशाच्या ब्रिटिश मुली. पुस्तकात या बहिणी शाळेच्या दोन वेगवेगळ्या गटांत आहेत. चित्रपटाने दोघींना एकाच गटात घातले. यादीवाल्यांचा राग मात्र याहून दुसऱ्याच जागी आहे. हॅरीचे नाव स्पर्धेच्या पेल्यातून निघाल्यावर मुख्याध्यापक डंबलडोर पुस्तकात त्याला शांतपणे विचारतात. चित्रपटात ते अंगावर धावून येतात. मला हा राग रास्त वाटतो. ज्या वृद्धाचा धीर सुटत नाही म्हणून मुले त्याच्यावर विसंबतात, तोच असा धावला तर मुलांनी कोणाकडे पाहावे?

पाचव्याचे पुस्तक सातांत सर्वांत जाडजूड, आणि चित्रपट तोवरच्यांत सर्वांत आखूड, अवघा दोन तास अठरा मिनिटांचा. तरीही त्यातल्या अम्ब्रिजबाईंमुळे तो अनेकांच्या लक्षात राहिला. इमेल्डा स्टाँटन या नटीने हे काम केले आहे. गुलाबी पोशाख, भिंतीवर मांजरीच्या पिलांच्या बशा, गोड हसू, आणि त्या हसण्याखाली मुलांच्या हातांवर रक्त काढणारी शिक्षा. खलनायकापेक्षा या बाईंचा लोकांना अधिक तिटकारा येतो. कारण व्होल्डेमॉर्ट कोणाला भेटलेला नाही, पण अशा बाई बहुतेकांना कुठल्यातरी कचेरीत वा वर्गात भेटलेल्या असतात. सहावा दिसावयास सर्वांत सुंदर. ऑस्करसाठी त्याच्या छायाचित्रणाचे नामांकनही झाले होते. पण व्होल्डेमॉर्ट असा का झाला, हे सांगणाऱ्या पुस्तकातल्या आठवणींपैकी बहुतेक त्यात गाळल्या, आणि पुस्तकात नसलेली घर जळण्याची घटना घातली. घालण्याचे कारण मला आजवर उमजले नाही. सातवा म्हणजे निम्मी गोष्ट. त्याला आठांत धरून तोलणे अन्यायाचे होईल.

माझे मत तिसऱ्याला, म्हणजे अझ्काबानच्या कैद्याच्या चित्रपटाला. २००४ साल, दिग्दर्शक मेक्सिकोचे अल्फोन्सो क्वारॉन. त्यांच्याकडे काम आले तोवर त्यांनी ही पुस्तके वाचलेली नव्हती, आणि ते बरेच झाले असे मी म्हणते. तिन्ही मुलांना त्यांनी आपापल्या पात्रावर निबंध लिहावयास सांगितला. हर्मायनीचे काम करणाऱ्या एमा वॉटसनने पानेच्या पाने लिहिली, हॅरीने एक पान, आणि रॉनचे काम करणाऱ्या रूपर्ट ग्रिंटने काही दिलेच नाही. ज्यांनी पुस्तके वाचली आहेत त्या आता हसत आहेत. तिघेही अगदी आपापल्या पात्राप्रमाणे वागले.

चित्रपट बघताना प्रथम जाणवतो तो गारठा. मुलांची आगगाडी वाटेत थांबते, खिडकीच्या काचेवर बर्फ चढू लागते, आणि डब्याच्या दाराशी एक काळी आकृती उभी राहते. हे डिमेंटर, अझ्काबान तुरुंगाचे पहारेकरी. माणसाच्या मनातले सुख ते शोषून घेतात. जवळ आले की आयुष्यात पुन्हा कधी आनंद होणार नाही असे वाटू लागते. आपण स्वतः निराशेच्या आजारातून गेलो, त्यातून हे डिमेंटर आले, असे लेखिकेने सांगितलेले आहे. आपल्यातही अशा कित्येकजणी आहेत की ज्यांना हा अनुभव सांगता येत नाही. 'काही होत नाही गं, उगीच कसेसेच वाटते,' एवढेच त्या म्हणतात. आगगाडीतला तो प्रसंग त्यांनी पहावा. पुढे मास्तर त्या मुलाला काय देतात? उपदेश नव्हे, चॉकलेटचा तुकडा.

पण माझे मत ज्यासाठी आहे तो प्रसंग शेवटी येतो. तळ्याकाठी डिमेंटरांनी हॅरीला आणि त्याच्या धर्मपित्याला, सिरियसला, घेरले आहे. दोघे मरणाच्या दारात आहेत. इतक्यात पलीकडच्या काठावरून कोणीतरी मंत्र टाकते, प्रकाशाचे एक काळवीट पाण्यावरून येते आणि सगळ्यांना पिटाळते. शुद्ध हरपता हरपता हॅरीला ती आकृती आपल्या वडिलांची वाटते. पुढे हर्मायनीजवळच्या यंत्राने दोघे तीन तास मागे जातात, आणि पलीकडच्या काठाशी उभे राहून हॅरी वाट पाहतो. बाबा आता येतील. समोर आपणच मरताना दिसतो आहोत. हर्मायनी म्हणते, कोणी येणार नाही. तो म्हणतो, येतील. क्षण जातात, कोणी येत नाही. आणि मग तो स्वतः पुढे होतो.

भगिनींनो, पोरक्या मुलाची इतकी खरी गोष्ट मी दुसऱ्या कुठल्या चित्रपटात पाहिलेली नाही. लेखिकेने हे लिखाण हाती घेतले त्याच वर्षाच्या, म्हणजे १९९० च्या, शेवटी तिची आई वारली. आपण काय लिहीत आहोत हे आईला सांगावयाचे राहून गेले, याची खंत तिने पुढे बोलून दाखविली आहे. त्या तळ्याकाठी ही खंत आहे, असे मला वाटते. आणि क्वारॉन यांनी तिथे एकाही पात्राच्या तोंडी त्याचे स्पष्टीकरण घातले नाही. मुलांना कळेल, असा त्यांनी विश्वास ठेवला.

यादीवाल्यांचा सर्वांत सबळ आक्षेप नेमका याच जागी येतो, आणि तो मला टाळता यायचा नाही. पुस्तकात हॅरीचे वडील काळवीटाचे रूप घेऊ शकत असत, आणि शाळेचा तो गुप्त नकाशा त्यांनी आणि त्यांच्या मित्रांनीच बनविला होता. चित्रपटात यातले काहीच सांगितलेले नाही. मग ज्याने पुस्तक वाचले नाही त्याला ते काळवीट म्हणजे नुसते एक जनावर! दोन वाक्ये पुरली असती, ती का घातली नाहीत, असे माझी पुतणी दर खेपेला तावातावाने विचारते. तिच्याजवळ उत्तर मागू नये, कारण तिचे बरोबर आहे. मी मात्र माझ्या धाकट्या जाऊबाईंना हा चित्रपट दाखविला. त्यांनी पुस्तक हातातही घेतलेले नाही. काळवीट कोण, कशाचे, याचा त्यांना पत्ता नव्हता. तळ्याचा प्रसंग आला तेव्हा त्यांनी पदर डोळ्यांना लावला, आणि जरा वेळाने एवढेच म्हणाल्या, ''पोराला वाटलं, बाप आला.'' त्या दोन वाक्यांवाचून त्यांचे काही अडले नाही.

आता आठवा. त्याच्या बाजूचे लोक संख्येने मोठे. त्याने १३० कोटी डॉलरांवर गल्ला जमविला. माझा तिसरा सुमारे ८० कोटींवर राहिला, आणि गल्ल्याच्या हिशेबात आठांत शेवटचा ठरला. समीक्षकांनीही आठव्याला भरभरून गुण दिले. स्नेप मास्तरांच्या आठवणींचा भाग मीही पुन्हा पुन्हा पाहते. ॲलन रिकमन यांना त्या पात्राचे एक गुपित लेखिकेने पुष्कळ आधी सांगून ठेविले होते, आणि ते त्यांनी दहा वर्षे चेहऱ्याआड जपले. २०१६ साली ते गेले. तसेच सात मुलांची आई वीझ्लीबाई, लेकीवर हल्ला होताच पुढे सरसावते, तो प्रसंग या मंडळात टाळ्यांशिवाय पाहिला जाणार नाही.

तरीही मला आठवा अडखळवतो. पुस्तकात व्होल्डेमॉर्ट भोजनगृहात, सर्वांच्या डोळ्यांदेखत मरतो, आणि चारचौघांसारखा धाडकन जमिनीवर पडतो. अमर व्हावयास निघालेल्या माणसाचे साधे प्रेत सगळ्यांना दिसते. चित्रपटात तो एका ओसाड अंगणात मरतो, आसपास कोणी नाही, आणि कागदाच्या कपट्यांसारखा उडून जातो. दिसावयास ते मोठे झोकदार आहे. पण ज्या लोकांनी इतकी वर्षे त्याचे नाव घेण्याचीही भीती बाळगली, त्यांना त्याचे मरण दिसलेच नाही. शिवाय आठव्याने जे रडू येते त्यातले निम्मे आधीच्या सातांनी साठविलेले असते. तिसरा एकटा काढून कोणालाही दाखवावा, तो आपल्या पायांवर उभा राहतो.

बक्षिसांनी हा वाद सुटेल म्हणाल, तर तीही सोय नाही. आठ चित्रपटांना मिळून ऑस्करची बारा नामांकने झाली आणि पदरात एकही पडले नाही. आणि २०२३ साली याच पुस्तकांवर नवी मालिका जाहीर झाली आहे, नव्या मुलांना घेऊन. तेव्हा यादीवाल्यांचे काम आणखी वाढणार.

एक व्यावहारिक सूचना. तिसरा चित्रपट सहा-सात वर्षांच्या नातवंडांना निजण्याच्या आधी दाखवू नये. आगगाडीतली ती काळी आकृती त्यांना झोपू देत नाही. दुपारी दाखवावा, आणि जवळ बसावे.

माझी वेळ संपल्याची खूण चिटणीसबाईंनी दोनदा केली आहे. आठव्याच्या बाजूने बोलणाऱ्या आपल्या दोन तरुण सभासद पहिल्या रांगेत टिपणे घेऊन केव्हाच्या तयार बसल्या आहेत. त्यांना माझ्यानंतर दहा मिनिटे दिलेली आहेत, चहा त्यानंतर.