‘कूल’: एका शब्दाचे अनेक अर्थ

इंग्रजीतील ‘कूल’ या विशेषणाचा मूळ अर्थ ‘थंड’ असा असून, जुन्या इंग्रजीपासून चालत आलेल्या या शब्दाला मनाच्या शांततेचा अर्थ फार लवकर जोडला गेला. मराठीतही संयमी माणसाचे डोके थंड असते आणि अनुत्साही प्रतिसादही थंडच असतो, त्यामुळे हा विस्तार मराठी श्रोत्यांना परका वाटू नये. १८व्या शतकात मोठ्या रकमेवर भर देण्यासाठीही हा शब्द वापरला गेला; हेन्री फील्डिंग यांच्या १७४९च्या ‘टॉम जोन्स’ या कादंबरीत तो त्या अर्थाने येतो.

मात्र ‘उत्तम’, ‘पसंत पडणारे’ हा आजचा बोलीतील अर्थ अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजाची देणगी आहे, आणि तिचे श्रेय स्पष्टपणे दिले गेले पाहिजे. जॅझ संगीताच्या वर्तुळात तो १९४०च्या दशकात रुळला, आणि सॅक्सोफोनवादक लेस्टर यंग यांचे नाव त्याच्या प्रसाराशी जोडले जाते. माइल्स डेव्हिस यांच्या १९४९-५०मधील ध्वनिमुद्रणांचा संग्रह १९५७मध्ये ‘बर्थ ऑफ द कूल’ या नावाने निघाला, तेव्हा ‘कूल जॅझ’, म्हणजे आवेग आवरून वाजवलेले संथ, संयत जॅझ, ही शैली प्रस्थापित झालेली होती. कलेतिहासकार रॉबर्ट फॅरिस थॉम्प्सन यांनी आवेग आवरण्याच्या या वृत्तीचा संबंध पश्चिम आफ्रिकेतील योरुबा लोकांच्या ‘इतुतु’ या संकल्पनेशी, म्हणजे कठीण प्रसंगीही न ढळणाऱ्या अंतःशांतीशी, जोडला. अमेरिकेतील वंशभेदाच्या काळात चेहऱ्यावर राग न दिसू देणे हा कृष्णवर्णीयांसाठी स्वाभिमान राखण्याचा एक मार्ग होता. केवळ संमती दर्शवणाऱ्या आजच्या ‘कूल’मध्ये ती धग उरलेली नाही.