लहान मेंदूचे वैगुण्य आणि आपले कर्तव्य

(नेर येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मस्तकाच्या मागील भागी, मोठ्या मेंदूच्या खाली, लहान मेंदू वसलेला आहे. शरीराचा तोल सांभाळणे व हालचालींत मेळ राखणे हे त्याचे कार्य होय. क्वचित एखादे मूल या लहान मेंदूचा मधला भाग अपुरा घेऊनच जन्मास येते. कॅनडात डॉ. मारी जूबेर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली एकाच घरातील चार भावंडांत हे वैगुण्य वर्णिले. म्हणून त्यास जूबेर विकार म्हणतात.

असे बालक अंगाने सैल असते. तान्हेपणी त्याचा श्वास मध्येच धाप लागल्यासारखा होतो, मध्येच थांबतो. नजर स्थिरावत नाही. मान धरणे, बसणे, चालणे सारेच लांबते. एम.आर.आय. चित्रात मेंदूचा तो भाग दाढेसारखा दिसतो, त्यावरून निदान होते.

अशा वेळी आपल्या घरांतून पहिले बोट उठते ते मातेकडे. तिने ग्रहण पाळले नाही, तिचा पायगुण वाईट, असे बोलले जाते. हे बोलणे निराधार व क्रूर आहे. बहुधा सदोष जनुक आई आणि वडील या दोघांकडूनही आलेले असते. ते दोघे स्वतः मात्र निरोगी असतात. अशा दांपत्याच्या प्रत्येक अपत्यास हा विकार होण्याचा संभव २५ टक्के असतो. मग दोष एकट्या सुनेचा कसा?

जवळच्या रक्तनात्यात दोघांकडे एकच सदोष जनुक असण्याचा संभव वाढतो. मामाची मुलगी करण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. ज्या घराण्यात असे मूल झाले असेल, तेथे तरी सोयरीक ठरविण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. रोग झाकून ठेवू नये.

हा विकार समूळ बरा होत नाही. तथापि व्यायामोपचार व वाचेचे उपचार लवकर सुरू केल्यास मूल पुष्कळ शिकते. डोळे व मूत्रपिंडे यांची तपासणी नियमाने करावी. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत व शाळांत मुले तपासतात. त्यांना मूल दाखवावे, यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात न्यावे. ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलास २०१६ च्या कायद्याने मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. कोणाची बुद्धी किती चालेल हे मुलागणिक भिन्न असते. शाळेत घातल्यावाचून ते कळावे कसे?

तोल सावरू न शकणाऱ्या बालकास आपण हात द्यावा आणि त्याच्या मातेस मान द्यावा, इतकीच विनंती करून मी आपली रजा घेतो.