वांगाची ट्यूब आणि आमचं रजिस्टर

उन्हाळ कांद्याची काढणी चालू आहे. निम्म्या जणी तर हे बांधावर बसून, मोबाइलच्या रेडिओवर ऐकत असाल. आज बचतीचं, हप्त्याचं काही बोलणार नाही. उन्हानं गालावर, कपाळावर जे काळपट डाग येतात, ज्याला आपण वांग म्हणतो, त्यावर लावायच्या ट्यूबबद्दल बोलायचं आहे. या बाबतीत आमच्या गटाकडून चूक झाली आहे, ती आधी सांगतो.

गेल्या वर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्यातली एक जण आली, तर सगळ्या तिच्याकडेच बघत राहिल्या. गालावरचा वांग गेलेला, चेहरा उजळलेला. मेडिकलमधून एक ट्यूब आणली आणि तीन आठवडे लावली, एवढंच तिनं सांगितलं. पुढच्या बैठकीत आम्ही यादीच केली. वाणाचे डबे जसे एकदम घाऊक आणतो, तशा बारा ट्यूबा आणल्या. रजिस्टरमध्ये नोंद आहे, आमच्याच अक्षरात. दुकानात कुणी चिठ्ठी मागितली नाही आणि आत काय आहे हे आम्हीही विचारलं नाही.

काढणी लागली तशी एकेकीची तक्रार सुरू झाली. मिरची कुटलेला हात तोंडाला लागावा तशी आग. साबण लावला की चुरचुर. त्या पहिल्या मैत्रिणीचं सगळ्यात वाईट झालं. गालावर बारीक लाल शिरा दिसायला लागल्या, पुरळ आलं, हनुवटीवर लव वाढली. तिनं ट्यूब बंद केली, तर चार दिवसांत चेहरा लालबुंद होऊन सुजला. घाबरून परत लावली, तर शांत झाला. मग तिला वाटलं, औषध लागू पडतंय. कुणालाही असंच वाटेल, आणि बाई अडकते ती इथंच. मुलीच्या साखरपुड्याच्या फोटोत ती पदर पुढे ओढून उभी आहे. एकाही फोटोत तिचा चेहरा नीट नाही.

शेवटी आम्ही तिला घेऊन जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात, कातडीच्या डॉक्टरांकडे गेलो. मॅडमनी ट्यूब उलटी केली आणि मागची बारीक अक्षरं आम्हाला वाचायला लावली. मोबाइलनं फोटो काढून मोठा केला तेव्हा कुठं दिसलं. आत एक नाही, तीन औषधं होती. हायड्रोक्विनोन कातडीचा काळा रंग तयार होणं कमी करतं. ट्रेटिनॉइन वरचा थर लवकर काढून टाकतं. मोमेटासोन हे स्टेरॉइड आहे. पहिल्या दोघांनी होणारी लाली आणि जळजळ ते दाबतं, म्हणून सुरुवातीला चेहरा इतका छान दिसतो. पण महिनोन्महिने लावलं तर तेच स्टेरॉइड कातडी पातळ करतं, आणि पातळ कातडीला ऊन सोसत नाही. हायड्रोक्विनोनही फार काळ लावलं तर काही जणींची कातडी उलट निळसर काळी पडते, आणि तो डाग सहजी जात नाही.

औषध मुळात वाईट नाही, हेही मॅडमनी सांगितलं. डॉक्टर ते स्वतः देतात, पण साधारण सहा ते आठ आठवडे, फक्त रात्री, डागावर पातळ थर, मध्ये तपासायला बोलावून. आम्ही काय केलं? सकाळी तोंड धुऊन ट्यूब चोपडली आणि दिवसभर वावरात. काही दिवस थोडं कोरडं पडणं, बारीक पापुद्रे निघणं हे ट्रेटिनॉइनमुळे होतंच. पण आग, सूज, लाल शिरा, पुरळ किंवा लव दिसली तर थेट दवाखाना. महिनोन्महिने लावत असाल तर मनानं एकदम सोडूही नका, डॉक्टरांना विचारून सोडा. दिवस गेलेल्या असतील तर ही ट्यूब लावायचीच नाही. गरोदरपणात आलेला वांग बऱ्याच जणींचा बाळंतपणानंतर आपसूक फिका होतो. वांग संततिनियमनाच्या गोळ्यांनीही येतो, तेव्हा त्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगा.

ट्यूबवर डाव्या बाजूला उभी लाल रेघ असेल, तर ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळायचं औषध असतं. पूर्वी काही स्टेरॉइड मलमांना या नियमातून सूट होती. २०१८ साली सरकारनं १४ स्टेरॉइडांची ती सूट काढली. तरी ट्यूब काउंटरवर मिळतेच, आम्हाला मिळाली तशी. म्हणून नावं लक्षात ठेवा: मोमेटासोन, बेटामेथासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन. नावं इंग्रजीत असतात, शाळेत जाणाऱ्या लेकीकडून वाचून घ्या. गजकर्णाला, खाजेला म्हणून आणलेल्या ट्यूबांमध्येही हीच निघतात, आणि स्टेरॉइडनं गजकर्ण दबल्यासारखं वाटून आणखी पसरतं.

ऊन चुकलं नाही तर चांगल्या औषधानंही वांग परत येतो. आता कांदा काय सावलीत काढायचा, असं तुम्ही म्हणाल. खरं आहे. पण सहाला वावरात जाऊन अकराला उठता येतं, आम्ही या वर्षी तसं ठरवलं आहे. स्कार्फवर रुंद काठाची टोपी घालतो. पहिले दोन दिवस बांधावरची माणसं हसली. उन्हाचं क्रीम एसपीएफ ३० किंवा जास्तीचं घ्यावं लागतं, आणि घामानं जातं म्हणून दोन-तीन तासांनी परत लावावं लागतं. ते महाग पडतं, सगळ्यांना जमेल असं आम्ही म्हणणार नाही. टोपी मात्र जमते.

आमच्या मैत्रिणीचं सांगायचं राहिलं. ट्यूब सुटायला आणि आग थांबायला पाच महिने गेले. वांग थोडा परत दिसतो. लाल शिरा अजून आहेत. या संक्रांतीला ती आली होती, पदर मागे घेऊन.

मंगळवारच्या बैठकीला घरात असतील त्या सगळ्या ट्यूबा घेऊन या, अर्ध्या वापरलेल्याही. आशाताई येणार आहेत, एकेक वाचून बघू. कुणी कुणाला बोलणार नाही. बारा ट्यूबांची नोंद आमच्याच अक्षरात आहे.