भावनांचें भाषांतर

नाशिकचा गंगापूर रोड आतां जुन्या नाशिककरांस ओळखूं न येण्याइतका बदलला आहे. एके काळीं मळ्यांमधून गंगापूर गांवाकडे जाणारा हा रस्ता आज दुतर्फा इमारतींनीं भरून गेला असून, त्यांतील कित्येक घरांचीं मुलें परदेशीं आहेत. अशाच एका घरांतला हा प्रसंग अगदीं साधा आहे. परदेशीं गेलेल्या नातवाचा रात्रीं फोन आला. बोलतां बोलतां तो म्हणाला, "आजी, मी तुला फार मिस करतों." 'गाडी मिस झाली' हें वाक्य आजीबाईंच्या कानांवरून पुष्कळदां गेलेलें होतें. त्यांनीं काळजीनें विचारलें, "काय चुकलें रे बाळा? गाडी चुकली का?" नातू हंसला, घरांतलीं माणसेंही हंसलीं, आणि विषय तेथेंच संपला. फोन ठेवल्यावर मात्र आजीबाई सुनेला म्हणाल्या, "तो गेल्यापासून मला घरांत चुकल्याचुकल्यासारखें होतें गं. तेंच त्याला सांगायचें राहून गेलें."

श्रोतेहो, नातवानें इंग्रजी शब्दानें जें सांगितलें, तेंच आजीबाईंनीं मराठी शब्दानें सांगितलें. फार काय, 'चुकणें' हा जो शब्द त्यांच्या तोंडून गैरसमजानें गेला, तोच त्या भावनेचा खरा मराठी शब्द निघाला. परंतु नातवाचें मन आजीला पोंचलें नाहीं, आणि आजीचें नातवाला पोंचलें नाहीं. दोघांच्या मध्यें सात समुद्र होतेच. त्यांत एका शब्दाची भर पडली. 'मनांतल्या नाजूक गोष्टी बोलावयास मराठींत शब्दच नाहींत', अशी तक्रार सुशिक्षित घरांतून वारंवार ऐकूं येते. ती कितपत खरी आहे, आणि आपल्या भाषांतरकारांनीं या अडचणींतून कशी वाट काढली, हें थोडक्यांत पाहूं.

शब्दांच्या तुटवड्याचें म्हणाल, तर त्याला कोशच उत्तर देतो. मोल्सवर्थसाहेबांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं निघाला आणि त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ति १८५७ सालीं. त्यांनीं आरंभिलेला इंग्रजी-मराठी कोश कँडीसाहेबांनीं पुरा करून १८४७ सालीं प्रसिद्ध केला. हे कोश चाळणाऱ्याच्या ध्यानांत येतें कीं, भाषांतरकाराची पंचाईत शब्द नसण्याची नसून शब्द फार असण्याची आहे. इंग्रजींतील 'लव्ह' हा एक शब्द घ्या. त्या भाषेंत माणूस आईवर, पत्नीवर, देवावर, पाळलेल्या कुत्र्यावर आणि आंब्याच्या फोडीवर एकाच क्रियापदानें प्रेम करूं शकतो. मराठी भाषा मात्र शब्द हातीं देण्यापूर्वीं विचारते, 'कोणाचें? आणि कोणावर?' वडीलधाऱ्यांची धाकट्यांवर माया असते. आईचें वात्सल्य असतें. घरोब्याच्या माणसांशीं जिव्हाळा असतो. शेजारच्या मुलाचा किंवा गोठ्यांतल्या वासराचा लळा लागतो. मित्रांत स्नेह असतो, पतिपत्नींत प्रीति असते. आणि आंबा नुसता आवडतो. आजी नातवावर माया करते. नातवानें आजीवर माया केली असें सहसा कोणी म्हणत नाहीं. नात्याची दिशा ज्याला ठाऊक नाहीं, त्याला येथें शब्द निवडतांच येत नाहीं.

दुसरी अडचण अशी कीं, शब्द एका भाषेंतून दुसऱ्या भाषेंत गेले म्हणजे त्यांचे स्वभाव पालटतात. संस्कृतांत 'राग' म्हणजे रंग, आसक्ति, प्रेम. 'अनुराग' या शब्दांत तो अर्थ आजही शिल्लक आहे. मराठींत मात्र राग म्हणजे क्रोध. 'लोभ' हा षड्रिपूंपैकीं एक. तरी पत्राच्या शेवटीं 'लोभ असावा, ही विनंति' असें लिहिणारा गृहस्थ कोणास अधाशी होण्याचा उपदेश करीत नसतो. 'वासना' हा शब्द उच्चारतांना सभ्य माणूस आवाज खालीं आणतो. पण आजारी मुलाची आई 'याची अन्नावर वासनाच नाहीं' असें डॉक्टरांना चारचौघांत सांगते. 'हौस' तर अरबी-फारसीच्या वाटेनें आलेली पाहुणी. तिकडे 'हवस' हा लालसेचा शब्द, आणि हिंदी-उर्दूंत त्याला अजूनही तोच वास आहे. मराठी घरांत आल्यावर तिचें रूप असें पालटलें कीं, लेकीच्या लग्नाची हौस, पैठणीची हौस, नातवाच्या बारशाची हौस! 'हौसेला मोल नाहीं' ही म्हण घरोघर चालते, आणि त्यांत कोणास कांहीं वावगें दिसत नाहीं.

इंग्रजी 'डिझायर' या एका शब्दासमोर मराठींत अशी पायऱ्यांची उतरंडच उभी आहे. आस, इच्छा, ओढ, हौस, हव्यास, लालसा, हाव. भाषांतरकाराची एक पायरी चुकली कीं सज्जन पात्र दुर्जन ठरतें. उलट, गर्भवतीच्या इच्छेला आपण 'डोहाळे' हें स्वतंत्र नांव दिलें आहे, आणि त्या इच्छेच्या कौतुकासाठीं डोहाळजेवणही ठेविलें आहे. या शब्दाचें इंग्रजी करावयास बसणाऱ्यास नुसता शब्द पुरत नाहीं. सारा समारंभ सांगावा लागतो. फारसीचे जाणते कवि माधव जूलियन यांनीं उमर खय्यामच्या रुबाया १९२९ सालीं मूळ फारसीवरून मराठींत आणल्या, आणि त्यानंतर फिट्झेराल्डच्या इंग्रजीवरून 'द्राक्षकन्या' हें निराळें भाषांतर केलें. द्राक्षांच्या या जिल्ह्यांत हें सांगावयास हरकत नाहीं कीं, पेला तोच असला तरी दोन भाषांतून आलेली तहान त्यांना एक वाटली नसावी.

आतां एका भावनेचाच पाठलाग करून पाहूं. शेक्सपिअरचें 'ऑथेल्लो' महादेवशास्त्री कोल्हटकर यांनीं १८६७ सालीं मराठींत आणलें. या नाटकाचा सारा डोलारा 'जेलसी' या शब्दावर उभा आहे. तिला मराठींत काय म्हणावें? मत्सर म्हणावें, तर तो दुसऱ्याच्या उत्कर्षाचा. हेवा म्हणावें, तर तो शेजाऱ्याच्या बंगल्याचा. असूया पुस्तकांतली, आणि सवतीमत्सर बायकांच्याच वांट्याला आलेला. पण आपलें माणूस कोणी आपल्यापासून हिरावून घेतलें कीं काय, या शंकेनें पुरुषाच्या काळजांत पेटणारी जी आग, तिला नांव कोणतें? शेक्सपिअरनें तिला हिरव्या डोळ्यांच्या श्वापदाची उपमा दिली आहे. आमच्याकडे हिरवा रंग चुड्याचा आणि भरल्या शेताचा. त्या रंगाची भीति मराठी प्रेक्षकाला वाटावी कशी?

गोविंद बल्लाळ देवल यांनीं १८९० सालीं याच नाटकाचें 'झुंझारराव' केलें. पुढें आर्थर मर्फी याच्या एका इंग्रजी विनोदी नाटकावरून, ज्याचें मूळ फ्रेंच नाटककार मोलियेर याच्याकडे जातें, त्यांनीं फाल्गुनराव आणि कृत्तिका या एकमेकांवर पाळत ठेवणाऱ्या नवराबायकोची कथा रचली. १९१६ सालीं ती संगीताच्या साजांत रंगभूमीवर आली, तेव्हां तिचें नांव होतें 'संशयकल्लोळ'. देवलांनीं येथें मत्सर हा शब्द घेतला नाहीं, हेवाही घेतला नाहीं. त्यांनीं 'संशय' निवडला. इंग्रजी शब्द त्या आगीचें नांव सांगतो. देवलांचा शब्द ती ठिणगी घरांत कोठून शिरते, तें दाखवितो. कोशांत पाहिलें तर हे दोन शब्द समानार्थी नाहींत. रंगभूमीवर मात्र प्रेक्षकांना तें तत्काळ उमगलें, आणि शंभरांहून अधिक वर्षें उमगत आलें आहे.

नाशिकचें भूषण असलेले वि. वा. शिरवाडकर, म्हणजेच कवि कुसुमाग्रज, यांनींही हीच वाट चालून पाहिली. १९५४ सालीं त्यांनीं 'मॅकबेथ'चें 'राजमुकुट' केलें, आणि १९६१ सालीं 'ऑथेल्लो' मराठींत आणलें. पुढें १९७० सालच्या 'नटसम्राट'मध्यें तर त्यांनीं भाषांतराची चौकटच सोडली. लिअर राजाचें दुःख आठवावें असें दुःख त्यांनीं एका वृद्ध मराठी नटाच्या संसारांत नेऊन ठेविलें. मुलांनीं दूर लोटलेल्या बापाची व्यथा समजावयास तेथें राजवाड्याची गरज उरली नाहीं.

आतां थोडें मागें जाऊं. गोपाळ गणेश आगरकर यांनीं 'हॅम्लेट'चें भाषांतर १८८३ सालीं प्रसिद्ध केलें, तें 'विकारविलसित' या नांवानें. आजच्या वाचकाला हें एखाद्या वैद्यकीय पुस्तकाचें नांव वाटेल. कारण हृदयविकार, नेत्रविकार अशा जोडशब्दांपुरताच तो शब्द आतां बहुधा उरला आहे. आगरकरांना येथें रोग अभिप्रेत नव्हता. मनाची मूळची शांत स्थिति पालटविणारी प्रत्येक लाट, मग ती शोकाची असो, क्रोधाची असो वा प्रेमाची, ती विकार. इंग्रजी 'पॅशन' या शब्दाचेंही मूळ लॅटिनमध्यें 'सोसणें' असें आहे, आणि ख्रिस्ताच्या अखेरच्या यातनांना इंग्रजींत तोच शब्द लावतात. म्हणजे दोन्ही शब्दांच्या तळाशीं एकच जुनी समजूत आहे: भावना माणूस करीत नाहीं, ती त्याच्यावर येते.

इंग्रजी वाक्यरचनेंत ही समजूत बरीचशी पुसून गेली. मराठींत ती रोजच्या बोलण्यांत जिवंत आहे. इंग्रज मनुष्य म्हणतो, 'मी रागावलेला आहें, मी घाबरलेला आहें, मी इच्छितों.' आपण म्हणतों, 'मला राग आला, मला भीति वाटते, मला इच्छा झाली.' येथें 'मी' बाजूला सरून 'मला' होतो, आणि राग, भीति, लाज, कंटाळा, आठवण यांना कर्त्याचा मान मिळतो. 'मला रडावेंसें वाटतें', 'आज कोणाशीं बोलूं नयेसें वाटतें' या वाक्यांत तर भावनेचें नांवसुद्धां नाहीं. क्रियापदाला एक हळुवार वळण दिलें कीं काम झालें. 'मी तुझ्यावर प्रेम करतों' हें वाक्य शुद्ध आहे, पण तें कादंबरींतून उठून आल्यासारखें वाटतें. घरांत जीव लागतो, जीव जडतो, जीव तुटतो, जीव कासावीस होतो; आणि माणूस दूर गेलें कीं करमत नाहीं. म्हणून जो भाषांतरकार इंग्रजी शब्दाला मराठी शब्द शोधीत बसतो, तो रिकाम्या हातानें परततो. ज्यानें वाक्य फिरविलें, त्याला घर सांपडतें.

याचा अर्थ परका शब्द घेणें हें पाप, असा मात्र नव्हे. तसें असतें तर हौसही उंबऱ्याबाहेर ठेवावी लागली असती. शिवाय एक गोष्ट प्रामाणिकपणें मान्य केली पाहिजे. ज्या घरांत पत्नीनें पतीचें नांव उखाण्याखेरीज घेऊं नये, बापानें मुलाला जवळ घेऊन 'तूं मला हवास' असें कधीं म्हणूं नये, अशी रीत पिढ्यान् पिढ्या चालली, तेथें तरुणांना उसन्या शब्दाचा आडोसा लागला, तर दोष त्यांचा एकट्यांचा नाहीं. उसना शब्द पातळ असतो. तो उच्चारतांना गळा दाटून येत नाहीं. 'आजी, तुझ्यावांचून करमत नाहीं' असें म्हणावें तर आवाज कांपेल, या भीतीनेंच नातू कदाचित् 'मिस' म्हणाला असेल. 'मिस' हा शब्द दारांतून आंत आला, याचें दुःख करण्याचें कारण नाहीं. त्याला जागा देण्यासाठीं 'करमत नाहीं' हा शब्द घरांतून निघून गेला, तर मात्र आजी आणि नातू एकाच भाषेंत जन्मूनही एकमेकांस परके होतील. मग त्यांच्यामध्यें दुभाष्या बसविण्याची पाळी येईल, आणि असल्या गोष्टी दुभाष्याकरवीं सांगतां येत नाहींत.

सुदैवानें गंगापूर रोडवरच्या त्या घरांत दुभाष्याचें काम सुनेनें केलें. पुढच्या आठवड्यांत फोन आला, तेव्हां तिनें सासूबाईंचें वाक्य जसेंच्या तसें मुलाला सांगितलें. "आजीला तूं गेल्यापासून चुकल्याचुकल्यासारखें होतें रे." पलीकडे कांहीं वेळ कोणी बोललें नाहीं. मग नातू म्हणाला, "आजीला फोन दे." आजीबाईंनीं तो कानाला लाविला, आणि त्यांना एवढेंच ऐकूं आलें, "आजी, मलाही."

या वेळीं त्यांनीं अर्थ विचारला नाहीं.