थांबवायचं, पण कसं?

आमच्या सोनईत बायाबापड्या गिरणीत दळण टाकतात आणि तेवढ्या वेळात बाजार उरकून येतात. संगणकातलं 'असिंक्रोनस' काम असंच. काम सोपवायचं आणि वाट पाहत न बसता पुढच्या कामाला लागायचं. पण सोपवलेलं काम मध्येच नकोसं झालं तर?

एका दूध संस्थेच्या बिलांचा प्रोग्राम मी लिहिला होता. 'रद्द करा' दाबलं की चालू काम तिथंच तोडायचं, एवढंच मला ठाऊक. एकदा कुणीतरी ते दाबलं. काही शेतकऱ्यांची उचल वजा झाली, पण बिल जमा झालंच नाही! सारी रात्र वह्या ताडून पाहण्यात गेली.

जावा भाषेतही चालू थ्रेड बळजबरीनं थांबवण्याची सोय होती. अर्धवट बदललेली माहिती तशीच मागं राहते, म्हणून १९९८ मध्ये ती वापरू नका असं सांगितलं गेलं. २०१० मध्ये डॉट नेटमध्ये 'कॅन्सलेशन टोकन' आलं; २०२० च्या सी प्लस प्लसमध्येही तशीच सोय झाली. टोकन म्हणजे 'आता थांब' अशी चिठ्ठी. काम चालता चालता ती पाहतं, हातातलं आवरतं आणि मग थांबतं. अर्थात, चिठ्ठी कुठं पाहायची हे प्रोग्राम लिहिणाऱ्यानंच ठरवायचं. तो विसरला तर चिठ्ठी वाया.

आता माझा प्रोग्राम एका शेतकऱ्याचं बिल पुरं करूनच चिठ्ठी पाहतो. गिरणीवालाही बटण बंद करण्याआधी आतले दाणे दळून घेतोच की!