नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



सकाळपासून तिघांनी विचारलं, "ऑक्युपेशनल थेरपी म्हणजे तू नोकऱ्या लावून देतेस का गं?" नाही! आजारपणानंतर आंघोळ, जेवण, लिहिणं अशी रोजची कामं माणसाला पुन्हा जमावीत, यासाठीचे हे उपचार. या विषयाचं आशियातलं पहिलं विद्यालय कमलाबाई निंबकरांनी १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू केलं.

आज मात्र माझ्या बाबांबद्दल सांगते. तुमच्यापैकी अनेकांनी आमच्या ओसरीवर त्यांच्या हातचा चहा घेतलाय. मी मुंबईत दुसऱ्या वर्षाला असताना त्यांना पक्षाघात झाला. उजवा हात लुळा पडला. कुणीतरी सुचवलेले एक गृहस्थ रोज घरी येऊ लागले. पांढरा कोट, गोड बोलणं. "दुखलं तरच मोकळा होईल," म्हणत ते हात डोक्यावर ओढायचे. पक्षाघातात खांद्याचे स्नायू ढिले पडतात, नुसत्या हाताच्या वजनानेही सांधा खाली सरकतो. तो हात आधार देऊन हाताळायचा असतो, ओढायचा नसतो. मी सुट्टीत आले, तेव्हा बाबांना सदऱ्याची बाहीसुद्धा सहन होत नव्हती. खांद्याचं ते दुखणं शेवटपर्यंत गेलं नाही.

तक्रार कुणाकडे करणार? तेव्हा राज्यात आमच्या व्यवसायाची कायद्याने नोंदणीच नव्हती. त्या गृहस्थांनी पाटी काढली आणि दुसऱ्या गावात लावली. आणि मी, हेच शिकणारी मुलगी, फोनवर एकदाही विचारलं नाही, "बाबा, ते शिकलेत कुठे?"

पुढे २००२ च्या कायद्याने महाराष्ट्रात ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपीची परिषद आली. २०२१ मध्ये केंद्राचाही कायदा झाला. ही नोंदणी आमच्या भिंतीची शोभा नाही. ती रुग्णासाठी आहे. समोरच्याचं शिक्षण तपासलेलं असतं, आणि त्याने चूक केली तर जाब विचारणारं, नोंदवहीतून नाव काढणारं कुणीतरी असतं.

आपले आईवडील आता थकलेत, आपणही त्याच वाटेवर आहोत. घरी आलेल्याला प्रश्न विचारणं आपल्याला उद्धटपणा वाटतो. पण आपले गणिताचे सर बरोबर उत्तरालाही "रीत दाखव" म्हणायचेच ना? तसंच विचारा. खरा थेरपिस्ट रागावणार नाही. मी तर पहिल्याच भेटीत, न विचारता, माझा क्रमांक सांगते.

बाबांनी तो कुणाला विचारला नव्हता, म्हणून.