दयेचे अपुरे राहिलेले काम



या महोत्सवाच्या मंगल दिनी आम्हांस एका ऋणाचे स्मरण करून द्यावयाचे आहे. मार्च २०२० मध्ये करोनाच्या महासाथीमुळे टाळेबंदी झाली, तेव्हा आपल्या बीड जिल्ह्यातील सहस्रावधी ऊसतोड कुटुंबे पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील फडांवर अडकून पडली. एप्रिलमध्ये शासनाची अनुज्ञा मिळाल्यावर ती गावी परतली. त्या वेळी आपण ज्वारी, डाळ व तेल त्यांच्या दारी पोहोचविले. जातधर्म पाहिला नाही. हे उचितच झाले.

परंतु खरे सांगावयाचे तर आम्ही पोती मोजली, मुले मोजली नाहीत. शाळा बंद होत्या; शिक्षण मोबाइलवर गेले, आणि कित्येक घरांत तो नव्हताच. खेड्यांतील पहिली ते चौथीचे वर्ग १ डिसेंबर २०२१ रोजी उघडले, तोवर उचल घेतलेल्या टोळ्या पुन्हा फडांवर गेल्या होत्या, आणि आईबापांबरोबर लेकरेही.

प्रभूच्या दृष्टांतातील शोमरोनी जखमा बांधून थांबला नाही. त्याने जखमीस उतारशाळेत नेले व परत येण्याचे वचन दिले. आपले परत जाणे राहून गेले आहे. यास्तव प्रतिवर्षी दसऱ्यापूर्वी आपल्यापैकी प्रत्येक कुटुंबाने एका ऊसतोड घरी जावे, आणि आजीजवळ मूल मागे राहू शकत असेल तर त्याच्या भाकरीचा, वह्यांचा व सायंकाळच्या अभ्यासाचा भार उचलावा.

प्रभू आपणां सर्वांस तशी बुद्धी व बळ देवो.